जुन्या आग्रा रोडवरचा जादा दगड

झुंबर गांगुर्डे बांधकाम खात्यात, आमच्या उपविभागात मैलकुली होते. ऑर्डरवर 'मैल मजूर' असं लिहिलेलं असे, पण रस्त्यावर सगळे मैलकुलीच म्हणत. मैल जाऊन किलोमीटर आले त्याला साठ वर्षं होऊन गेली, पदाच्या नावात तेवढा मैल राहून गेला. काम असं की ठरवून दिलेल्या आठ किलोमीटरमध्ये खड्डे बुजवायचे, गटारं मोकळी करायची, साइडपट्टीचं गवत काढायचं आणि दिवाळीच्या आधी किलोमीटरचे दगड रंगवायचे. झुंबरभाऊंनी हे चाळीस वर्षं केलं. मी त्याच ऑफिसात लिपिक होतो. मैलकुलींचे रजेचे, बदलीचे, जीपीएफचे अर्ज मी लिहून द्यायचो, म्हणून ते मला भाऊसाहेब म्हणत. निवृत्त झाल्यावरही ते बदललं नाही.

त्यांचा रस्ता म्हणजे पिंपळगाव बसवंतच्या पुढचा आग्रा रोड. महामार्ग रुंद झाला तेव्हा जांभूळदरा गावाजवळचं वळण काढून टाकलं आणि रस्ता सरळ नेला. वळणाचा चार किलोमीटरचा तुकडा मागे उरला. आधी तो राष्ट्रीय महामार्ग होता, तेव्हा दगडांची टोपी पिवळी. मग राज्य मार्ग झाला, टोपी हिरवी. शेवटी जिल्हा मार्ग झाला आणि टोपी काळी झाली. एकाच दगडाला झुंबरभाऊंनी तिन्ही टोप्या घातल्या. दगडाने तक्रार केली नाही, त्यांनीही केली नाही.

चोवीस सालच्या मे महिन्यात ते निवृत्त झाले. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. मुलगा बुद्धभूषण एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ऑपरेटर आहे, त्याच्या नाशिकरोडच्या फ्लॅटमध्ये ते आणि पत्नी विमलाबाई राहायला आले. सकाळी उठून काय करायचं हे त्यांना दोन आठवडे कळलं नाही. तिसऱ्या आठवड्यात मोपेड काढली आणि दुपारी परत आले.

"कुठं गेला होता?" विमलाबाईंनी विचारलं.

"रस्ता बघायला."

"कसा हाय?"

"गवत वाढलंय."

एवढ्यावर संभाषण संपलं. पुढे दर सोमवारी ते जाऊ लागले.

त्याच पावसाळ्यात जुन्या रस्त्यावर पाट्या लागल्या. कुंभमेळा जवळ येत होता, जिल्ह्यातले सगळे रस्ते कुणी ना कुणी दुरुस्तीला घेतले होते, आणि शहरातल्या काही मंडळींना या रस्त्याचा इतिहास आठवला. त्यांनी 'जुना आग्रा रोड वारसा मंडळ' काढलं. त्यात दोन डॉक्टर, एक द्राक्षं निर्यात करणारे, काही निवृत्त अधिकारी आणि आर्किटेक्ट होते. लोखंडी खांबावर तपकिरी पाटी आणि पांढरी अक्षरं, अशा अकरा पाट्या त्यांनी लावल्या. झुंबरभाऊंनी एका सोमवारी मोपेड थांबवत थांबवत अकराही वाचल्या आणि संध्याकाळी माझ्याकडे जेलरोडला आले.

"भाऊसाहेब, अर्ज लिहायचाय."

"कशाचा?"

"सात बरोबर हायेत, तीन चूक, आन् एक भलत्याच ठिकाणी."

मी अर्ज लिहिला. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी 'विषय' आणि 'संदर्भ' लिहायला मिळाले, मला बरं वाटलं. मंडळाचा पत्ता पाटीच्या खाली होताच. उत्तर येईल असं आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं, कारण आम्ही दोघं आयुष्यभर अर्जाच्या धंद्यात होतो. पण दहाव्या दिवशी फोन आला. आरोही कोठावदे नावाची मुलगी बोलत होती, मंडळातली आर्किटेक्ट. पाट्यांवरचा मजकूर तिने लिहिला होता. तिला समक्ष येऊन बघायचं होतं.

मीही गेलो. आरोही तिशीची असेल. उन्हात टोपी घालून, हातात वही घेऊन उभी होती. पहिली पाटी विहिरीची. 'ब्रिटिशकालीन विहीर. लष्कराच्या तुकड्या व व्यापारी काफिले येथे विसावत.'

झुंबरभाऊ तिला विहिरीच्या काठावर घेऊन गेले आणि रहाटाच्या सिमेंटच्या तुळईकडे बोट केलं. तुळई ओली असताना कुणीतरी काडीने लिहिलं होतं, 'दु. का. १९७३'.

"दु. का. म्हणजे?"

"दुष्काळी काम. ही विहीर आमच्याच लोकांनी खंदली."

आरोहीने वहीत लिहून घेतलं. पुढे वडाची पाटी होती. 'शतकानुशतके वाटसरूंना सावली देणारा वटवृक्ष.'

"हा शहाऐंशी साली आमच्या गँगनं लावला," झुंबरभाऊ म्हणाले. "वनमहोत्सव होता. दोन लावले होते. दुसरा बकरीनं खाल्ला."

तिसरी चूक म्हणजे टपालाच्या घोड्यांची पागा. तिथल्या पडक्या भिंतींना आमच्या खात्यात डांबराचं गोडाऊन म्हणत. पिंपांचे गोल डाग फरशीवर अजून आहेत. आणि पुलाची पाटी दुसऱ्याच पुलावर होती, खरा जुना पूल पाचशे मीटर अलीकडे, वेड्या बाभळीत.

आरोही रागावली नाही. तिने कबूल केलं की काही माहिती जुन्या कागदांवरून घेतली आणि काही गावात विचारून. "गावात ज्यांना विचारलं ते म्हणाले, लय जुनं आहे. मी किती जुनं ते विचारलं नाही." मग तिने वही मिटली आणि विचारलं, "काका, आमच्याकडून काही राहिलंय का? या रस्त्यावर घडलेलं, पण पाटी नाही असं?"

झुंबरभाऊंनी गमछ्याने तोंड पुसलं. मग म्हणाले, "एक हाय."

ते आम्हाला वळणाच्या मधोमध घेऊन गेले. रस्त्याच्या उजव्या हाताला द्राक्षबाग होती, जमीन शेजारच्या रानापेक्षा थोडी खोलगट. तिथे उभं राहून त्यांनी सांगितलं. ते एका सुरात बोलले, जसं एखादा मैलकुली साहेबाला खड्डे कुठे कुठे आहेत ते सांगतो.

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. बहात्तरला पाऊस झाला नव्हता. सगळा गाव दुष्काळी कामावर होता, या रस्त्याचा भराव चालला होता. भरावाला मुरूम इथून निघायचा. खालचा मुरूम मऊ, म्हणून लोक खालून कोरत आत गेले. वर जमिनीचा कडा पुढे आलेला राहिला. त्या कड्याखाली दुपारची सावली पडे. आसपास दुसरं झाड नव्हतं, होती ती जळणाला गेली होती. कामावर पाण्याचे माठ वेगवेगळे होते, कुणी कुणाच्या माठाला हात लावत नसे. सावली मात्र एकच होती. दुपारी भाकरी खायला पाचजणी तिथे बसल्या. झुंबरभाऊंची आई सगुणाबाई, कोळीवाड्यातली बयाबाई, धनगरवस्तीवरची ठकूबाई, कुसाबाई, आणि चांदवडकडची एक बाई, जी त्याच सकाळी कामावर आली होती.

"मी नऊ वर्सांचा. आईनं सांगितलं, टँकरवरनं तांब्या भरून आन. मी गेलो. रांग होती. भरून परत आलो तर कडा खाली आलेला."

"मग?" आरोहीने विचारलं.

"मग काय. लोकं उकरीत होती. मी तांब्या धरून हुभा. पानी सांडू नको असं आईनं बजावलं होतं, म्हनून सांडलं नाय."

तारीख त्यांना आठवत नव्हती. बुद्धपौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते, एवढं पक्कं. पाचहीजणी त्यात गेल्या. पुढे खाण बुजवली, जमीन सपाट झाली, बागा आल्या. झुंबरभाऊ वीस वर्षांचे झाले तेव्हा बिगारी म्हणून खात्यात लागले आणि वाटणीला हेच आठ किलोमीटर आले. या जागेसमोरचं गवत त्यांनी चाळीस वर्षं काढलं.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. परतताना मी विचारलं, "झुंबरभाऊ, इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत?"

"अर्जाचा विषय नव्हता, भाऊसाहेब," ते म्हणाले.

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "त्र्याहत्तरचे हजेरीपट आपल्याकडं असतील ना? त्या चांदवडच्या बाईचं नाव सापडंल."

हजेरीपट नव्हते. अठ्ठ्याण्णव साली रेकॉर्ड रूम साफ केली. मुदत संपलेले कागद नष्ट करायची यादी झाली, त्या यादीवर तयार करणार म्हणून सही माझी होती. मी ते त्यांना सांगितलं.

"नियमानंच केलं असंल," ते म्हणाले.

नियमानेच केलं होतं. त्यामुळे मला काही बरं वाटलं नाही.

आरोहीने मंडळाच्या बैठकीत विषय मांडला. महिनाभराने लेखी उत्तर आलं, चांगल्या कागदावर. त्यात पाच कलमं होती. विहिरीच्या पाटीत दुरुस्ती करण्यात येत आहे. वडाच्या बाबतीत तज्ज्ञांचं मत घेण्यात येईल. पागेबद्दल पुरावे परस्परविरोधी आहेत. पुलाची पाटी पुढील टप्प्यात हलवण्यात येईल. आणि मुरमाच्या खाणीतल्या दुर्घटनेबद्दल मंडळाला सहानुभूती आहे, तथापि मंडळाच्या धोरणानुसार शंभर वर्षांपेक्षा कमी जुन्या घटनेची पाटी लावता येत नाही.

झुंबरभाऊंनी पत्र दोनदा वाचलं. "म्हंजे एकोनपन्नास वर्सं थांबायचं," ते म्हणाले. "मी तवा एकशे नऊ वर्सांचा असंन." त्यांनी पत्राची घडी घालून खिशात ठेवली. विहिरीच्या पाटीवर पुढच्या आठवड्यात दुरुस्ती झाली. 'ब्रिटिशकालीन विहीर' याच्यापुढे कंसात 'अंदाजे' असं चिकटवलं होतं.

आरोहीने फोन केला. तिला लाज वाटत होती. म्हणाली, काका, मी पुन्हा प्रयत्न करते. झुंबरभाऊ म्हणाले, "तुमी तुमचं काम करा ताई. मी माझं करतो."

त्यांचं काम काय ते मला दिवाळीनंतर कळलं. रस्ता रुंद करताना ठेकेदाराने जुने दगड उपटून रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी टाकले होते. त्यातला एक किलोमीटरचा दगड झुंबरभाऊंनी हेरून ठेवला होता. काळा पत्थर, वरून गोल, कुठेही टवका गेलेला नाही. त्यांना तो खाणीच्या जागी लावायचा होता.

"परवानगी कुनाची लागंल?" त्यांनी विचारलं.

मी बराच विचार केला. दगड काढायला परवानगी लागते, हलवायला लागते, रंगाच्या डब्याला मागणीपत्र लागतं. पण खाजगी माणसाने दगड लावायचा असेल तर त्याचा नमुनाच नव्हता. मी सांगितलं, "रस्त्याच्या हद्दीत लावू नका. हद्दीबाहेर शेतकऱ्याच्या बांधावर लावा. त्याची हरकत नसली की झालं."

तो बांध पुंजा तात्यांचा होता.

पुंजा तात्या म्हणजे जांभूळदऱ्यातलं मोठं घर. वडिलांकडे गावची पाटीलकी होती. आता तात्या सदुसष्ट वर्षांचे, पंधरा एकर द्राक्षं, स्वतःचं पॅकहाऊस. आणि कड्याखाली बसलेली कुसाबाई ही तात्यांची आई. हे झुंबरभाऊंना माहीत होतं कारण ती त्यांच्या आईशेजारी बसली होती. गावात मात्र ती साप चावून गेली असं सांगितलं जाई. पाटलाच्या घरातली बाई खडी फोडायला गेली असं सांगायची सोय नव्हती. घरातले दाणे संपले होते हे सांगायची तर त्याहून नव्हती.

झुंबरभाऊ बागेत गेले तेव्हा तात्या बांधावर बसून मजुरांचं काम बघत होते. लहानपणापासूनची ओळख, त्यामुळे बस म्हणाले, चहा मागवला. झुंबरभाऊंनी सगळं सांगितलं. कुठला दगड, कुठे लावायचा, त्यावर काय लिहायचं.

तात्यांनी नावं ऐकून घेतली. मग म्हणाले, "झुंबर, माझी आई पान लागून गेली. सगळ्या गावाला म्हायती हाय."

"बरं," झुंबरभाऊ म्हणाले.

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं तात्या. मी पानी आनायला गेलतो."

तात्यांनी मजुरांकडे तोंड फिरवलं. झुंबरभाऊंनी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि मोपेडवर बसून नाशिकरोडला आले. विमलाबाईंनी विचारलं तर म्हणाले, नाही म्हणाला. विमलाबाई म्हणाल्या, मग दुसऱ्याच्या बांधावर लावा. ते म्हणाले, दुसऱ्याच्या बांधाखाली त्या नाय ना.

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. सोमवारी रस्त्यावर जाणं चालू होतं. मधल्या काळात ते तीनदा चांदवडकडे जाऊन आले, त्या पाचव्या बाईची चौकशी करायला. पहिल्या गावात त्यांना वाटलं होतं, कुणाच्या तरी घरातली बाई गेली आणि परत आली नाही, म्हणजे आठवण असेलच. पण दुष्काळात घराबाहेर पडून परत न आलेल्या बाया एका गावात दोन निघाल्या, दुसऱ्यात तीन. कुणी मुंबईला गेली म्हणत, कुणी माहेरी. मुरमाच्या खाणीचं कुणालाच माहीत नव्हतं. झुंबरभाऊंनी सगळ्यांची नावं कागदावर लिहून आणली. त्यातलं एक बरोबर असणार, पण कुठलं ते सांगता येत नव्हतं. अंदाजे नाव लिहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

मार्चमध्ये, द्राक्षाचा माल निघायच्या ऐन गर्दीत, पुंजा तात्या नाशिकरोडला आले. कळवलं नव्हतं. चौथा मजला आणि लिफ्ट बंद, त्यामुळे धापा टाकत. मी तेव्हा तिथेच होतो, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचं काहीतरी काम होतं. विमलाबाईंनी पाणी दिलं. तात्यांनी सगळा ग्लास संपवला आणि अजून एक मागितला.

"दगड मोरीतच हाय ना?" त्यांनी विचारलं.

"हाय."

तात्या पंख्याकडे बघत बोलले. "त्या दिवशी सकाळी आईनं डोक्याला पदर गच्च बांधला. निम्मं तोंड झाकंल असा. मला म्हणाली, बापाला सांगू नको. मी पंधरा वर्सांचा होतो. मी नाय सांगितलं. आता बापाला जाऊन एकवीस वर्सं झाली. तरी कुनाला नाय सांगितलं. मागं तू येऊन गेलास तवापासनं बागेत नीट लक्ष लागंना."

विमलाबाईंनी चहा ठेवला.

"बांधावर लाव," तात्या म्हणाले. "आईचं नाव लिही. फक्त आडनाव नको. भाऊबंद हायेत, बोलतील."

"मग कोनाचंच नको," झुंबरभाऊ म्हणाले. "एकीचं नाय आन् बाकीच्यांचं हाय, तसं बरं दिसनार नाय."

तात्यांनी मान हलवली. चहा घेतला, माझ्या पेन्शनची चौकशी केली आणि जिना उतरून गेले.

दगड मेमध्ये लागला, बुद्धपौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी. मोरीतून दगड काढायला तात्यांचा ट्रॅक्टर आला. खड्डा झुंबरभाऊंनी स्वतः घेतला, दीड फूट खोल, कारण दगडाचा तिसरा हिस्सा जमिनीत गेला पाहिजे. ओळंबा लावून सरळ केला. पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले.

टोपी कुठल्या रंगाची करायची यावर त्यांनी आधी आठ दिवस घालवले होते. पिवळी, हिरवी आणि काळी या तिन्हींचा अर्थ ठरलेला. विमलाबाई म्हणाल्या, निळी द्या. ते म्हणाले, "पाचजनींचा दगड हाय." शेवटी टोपी पांढरीच ठेवली.

मग काळ्या रंगात अक्षरं काढली. किलोमीटरच्या दगडावर आकडा जिथे येतो तिथे मोठ्या अक्षरांत १९७३. त्याखाली सगुणाबाई, बयाबाई, ठकूबाई, कुसाबाई. आणि शेवटच्या ओळीत 'आणि एक'. खाणीचं काही लिहिलं नाही, जागा नव्हती. ज्याला विचारायचं तो विचारील, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या दिवशी विमलाबाई होत्या, बुद्धभूषण रजा टाकून आला होता, आरोही आली होती, पुंजा तात्या आणि मी. ठकूबाईचा एक पुतण्या मेंढरं सोडून आला आणि थोडा वेळ थांबला. बयाबाईचं गावात कुणी उरलं नव्हतं. कुणी भाषण केलं नाही. विमलाबाईंनी मेणबत्त्या लावल्या, वाऱ्याने विझल्या, पुन्हा लावल्या, पुन्हा विझल्या. तात्यांनी नारळ आणला होता, पण तो फोडावा की नाही हे त्यांना ठरवता आलं नाही. शेवटी तो तसाच परत नेला. आरोहीने फोटो काढायचा का म्हणून विचारलं. झुंबरभाऊ म्हणाले, काढा, पण रंग ओला हाय, हात लावू नका.

दगड लागल्यावर लोकांचं लक्ष गेलं नाही. किलोमीटरच्या दगडाकडे कोण बघतं? महामार्गावर गर्दी झाली की काही गाड्या जुन्या वळणाने येतात. एका सोमवारी एक परप्रांतीय ट्रक थांबला. ड्रायव्हरने काच खाली करून दगडाकडे हात केला आणि विचारलं, "चाचा, ये बयाबाई कितना दूर पडेगा?"

"यहीं है," झुंबरभाऊ म्हणाले.

ड्रायव्हरने आजूबाजूची द्राक्षबाग बघितली, वाट बघावी तसा थोडा थांबला आणि निघून गेला.

तात्यांच्या भाऊबंदांनी दगड वाचला. कुसाबाई कोण, हे त्यांनी विचारलं नाही. गावात कुसाबाई नावाच्या सात बायका होत्या, असं एकजण पारावर म्हणाला. तात्या तिथेच बसले होते. ते म्हणाले, "ही माझी आई." एवढं बोलून ते उठले आणि बागेत फवारणी होती तिकडे गेले. पुढे काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. काही झालं नसावं.

सव्वीस सालच्या जानेवारीत कुंभाच्या कामात जुन्या वळणाचा नंबर लागला. खड्डे बुजवले, साइडपट्ट्या केल्या, दगडांच्या रंगाचा ठेका दिला. आमच्या ऑफिसातल्या नव्या लिपिकाचा मला फोन आला. त्याच्या रजिस्टरला त्या तुकड्यावर चार दगड होते, ठेकेदाराच्या मोजणीत पाच. एक जादा कुठून आला हे त्याला कळत नव्हतं.

"आहे तिथे एक," मी म्हणालो.

"पण कसला आहे? कुठल्या सदरात घेऊ?"

खरं म्हणजे दगड रस्त्याच्या हद्दीबाहेर होता. रजिस्टरला घ्यायचं कारण नव्हतं. हे मला माहीत होतं आणि मी ते बोललो नाही. "इतर," मी म्हणालो. "शेवटचं सदर असतं बघा."

त्याने घेतला. 'इतर – १'. त्या वहीची मुदत मी त्याला विचारून घेतली. कायम ठेवायच्या वर्गातली आहे, ती नष्ट होत नाही.

पुढच्या सोमवारी झुंबरभाऊ दगड बघायला गेले, मलाही मागे बसवून नेलं. पेंटरने काम चांगलं केलं होतं. पांढरा रंग दाट होता, ओघळ नव्हते. जिल्हा मार्ग म्हणून टोपी काळी करून टाकली होती. अक्षरं जुन्या अक्षरांवरूनच गिरवलेली, चारही नावं बरोबर. फक्त शेवटच्या ओळीत, किलोमीटरच्या दगडावर आकडेच असतात म्हणून असेल, त्याने 'आणि एक'चं 'आणि १' केलं होतं.

झुंबरभाऊंनी टोपीबद्दल काही म्हटलं नाही. शेवटची ओळ बराच वेळ बघितली.

"हे किलोमीटरसारखं दिसतं," ते म्हणाले.

मोपेडच्या डिकीतून त्यांनी डबी आणि ब्रश काढला. आधी पांढऱ्याने आकडा झाकला, तो सुकेपर्यंत पाच मिनिटं थांबले. मग गुडघ्यावर बसून काळ्याने लिहिलं, 'आणि एक बाई'. ओळ थोडी लांब झाली, शेवटची ई दगडाच्या कडेवरून वळवून बाजूला घ्यावी लागली. रस्त्याच्या कडेने गुरं येत होती. गुरांना नव्या दगडाला अंग घासायची सवय असते, म्हणून रंग वाळेपर्यंत आम्ही दोघं बांधावर बसून राहिलो.